कपाटातली ट्यूब



आजचा विषय जरा अवघड आहे. लोणच्याच्या बरणीतली बुरशी, पापडावरची बुरशी यावर आपण बायका तासभर बोलू शकतो. आज त्याच बुरशीबद्दल लिहायचंय, पण ती बरणीत नाही, आपल्या अंगावर आहे. तीही अशा जागी, की नवऱ्यालासुद्धा सांगताना जीभ अडखळते. माझी दोन वर्षं अडखळली. त्याची किंमत माझ्या नातीने मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या आषाढातली गोष्ट. नात नऊ वर्षांची. सकाळी वेणी घालताना तिच्या गालावर, कानाजवळ, रुपयाएवढा गोल लालसर चट्टा दिसला. कडा जरा उंच, मधे कातडी साफ. मला विचारायची गरजच नव्हती. तसाच चट्टा माझ्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, दोन पावसाळे मुक्कामाला होता. आमच्या आजीच्या भाषेत गजकर्ण.

माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे, एक ट्यूब होती. औषधाच्या दुकानात "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की जी मिळते ती. मी तीच नातीच्या गालावर लावली, दोन वेळा. तिसऱ्या दिवशी लाली गेली, खाज गेली. सुनेला मी जरा ऐटीतच म्हटलं, "बघ, डॉक्टरांचे पाचशे वाचले."

तीन आठवड्यांनी तो चट्टा वाटीएवढा झाला. आणि नुसता गोल नाही, गोलात गोल, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे. एक वलय पापणीपर्यंत पोचलं होतं. शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलीने जागा बदलून घेतली. पोर घरी येऊन काही बोलली नाही, फक्त वेणी गालावर ओढून बसायला लागली.

सून तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही बरोबर गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गाल बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणतं मलम लावलं?" सून म्हणाली, काहीच नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, ती शाळेच्या वेळेत ऑफिसला जाते. मी गप्प. मग पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. पदर सावरण्याचं निमित्त करून खाली बघत बसले.

त्यांनी ती ट्यूब माझ्याच हातात दिली. म्हणाल्या, "काकू, जरा मागची बारीक अक्षरं वाचा." चष्मा लावून वाचलं. तीन औषधं होती. एक बुरशी मारणारं, एक जंतू मारणारं, आणि तिसरं क्लोबेटासोल. हे तिसरं म्हणजे स्टिरॉइड, तेही कातडीला लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जोरकस. खाज आणि लाली दोन दिवसांत जाते ती त्याच्यामुळे. पण लाली म्हणजे आपलं शरीर त्या बुरशीशी झगडतं आहे याची खूण. स्टिरॉइड त्या झगडणाऱ्यालाच झोपवतं. मग बुरशी शांतपणे पसरते, ती गोलात गोल वलयं त्याचीच. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज, म्हणून पुन्हा ट्यूब. वर कातडी पातळ होते ती वेगळीच. लहान मुलांच्या गालावर तर फार लवकर.

"हे असं सहज कसं मिळतं मग?" मी विचारलं. त्या हसल्या. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच खटपट केली होती. कागदावर तो नियम आहे. आणि मी दोन वर्षांत एकदाही चिठ्ठी दाखवली नव्हती, हेही खरं आहे. दुकानदाराला दोष देताना मला माझाच हात दिसतो. "जोरातली द्या, मागची लागू पडली नाही" असं मीच त्याला म्हणायची.

मी बिस्किटाच्या पुड्यावर हिरवं टिंब शोधणारी बाई. आइस्क्रीमच्या डब्यावरचे घटक वाचून दुकानदाराला परत करणारी. त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात संध्याकाळी, जेवण झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी विचारला गेला. मीच विचारला आणि उत्तरही आधी मीच दिलं. मग हे खाकरले आणि म्हणाले, त्यांना जांघेत वर्षभर आहे, ते माझ्याच कपाटातली ट्यूब वापरत होते. मला वाटायचं ट्यूब लवकर कशी संपते! सून आधी काही बोलली नाही. मग आत जाऊन स्वतःची वेगळी ट्यूब घेऊन आली, काखेतल्या चट्ट्यासाठी आणलेली. आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, त्यांना पोटावर होतं. घरात वावरणारे आम्ही सहाजण. त्यातले पाच. मुलगा तेवढा सुटला. एकाच छपराखाली पाच माणसं एकच आजार एकमेकांपासून लपवून ठेवत होती आणि पंचे मात्र एकाच दांडीवर वाळत होते.

माझं बीकॉम झालं ते लग्नाआधी. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षं अखंड आहे. त्या रात्री वही काढली आणि औषधांच्या रकान्यातून "मलम" अशा नोंदी वेगळ्या केल्या. दोन वर्षांत तेवीस ट्यूबा. अडीच हजारांच्या आसपास रक्कम. प्रत्येक वेळी ऐंशी, शंभर, एकशेदहा, म्हणून कधी टोचलंच नाही. मोठी रक्कम असती तर ह्यांनी तरी विचारलं असतं.

वहीची सवय असली की माणूस एका घरावर थांबत नाही. नातीच्या औषधाबद्दल वाचता वाचता मी देशाचे आकडे शोधायला लागले. दिल्लीचं एम्स, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीचं एम्स, चंदीगडची पीजीआय आणि इंग्लंडचं मँचेस्टर विद्यापीठ इथल्या डॉक्टरांनी मिळून चारशेहून अधिक शोधनिबंध चाळले आणि भारतात बुरशीचे गंभीर आजार किती जणांना असतील याचा अंदाज बांधला. आकडा निघाला सुमारे ५ कोटी ७० लाख. शंभरातली चार माणसं. क्षयरोगाचे रुग्ण आपल्याकडे वर्षाला तीस लाखांच्या आत आहेत. क्षयाचे फलक प्रत्येक दवाखान्यात दिसतात. बुरशीचा फलक तुम्ही कुठे पाहिलाय का?

हा अंदाज आहे, मोजणी नाही. मोजणी होतच नाही. आमच्या कॉलेजात सर सांगायचे, ज्याचं व्हाउचर नाही त्याची नोंद नाही. बुरशीच्या आजाराचं व्हाउचर फाडायला कोणी जात नाही. बाई दुकानात जाते, ट्यूब घेते, संपलं. ना डॉक्टरच्या वहीत नाव, ना सरकारच्या.

आणखी एक गोष्ट मला त्या यादीत खटकली. त्या ५ कोटी ७० लाखांत अंगावरचं साधं गजकर्ण धरलेलंच नाही. मुलांच्या डोक्यातलं आहे, ते अडीच कोटी. पण कमरेचं, जांघेतलं, काखेतलं नाही. म्हणजे आमच्या घरातले पाचही त्या आकड्याच्या बाहेर. मोठी बेरीज केली आणि सगळ्यात जास्त वेळा लिहावी लागेल अशी रक्कमच बाजूला राहिली.

डोक्यातल्या चट्ट्याबद्दल दोन वाक्यं, कारण शाळकरी मुलं असलेल्या घरांना ते उपयोगी आहे. डोक्यात खवले धरतात, तिथले केस मुळाशी तुटतात, आपण कोंडा समजून तेल चोपडत राहतो. ही बुरशी केसाच्या आत असते, तेल-मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं. डॉक्टरांनी नातीचं डोकं भिंगातून तपासलं. नव्हतं. मी तेवढ्यात तीन वेळा णमोकार म्हणून घेतला.

यादीतला दुसरा मोठा आकडा आपलाच आहे. जवळजवळ २ कोटी ४३ लाख बायका, ज्यांना योनीमार्गाचा बुरशीचा त्रास वर्षातून पुन्हा पुन्हा होतो. आपण त्याला नाव देत नाही. "अंगावरून जातंय" म्हणतो, तेही कुजबुजत. पांढरं जाणं प्रत्येक वेळी बुरशीचंच असतं असं नाही, आणि म्हणूनच अंदाजाने औषध घेऊ नये. माझ्या थोरल्या बहिणीला हा त्रास दीड वर्ष होता. ती उष्णतेवर ढकलत होती, सब्जा खात होती, धण्याचं पाणी पीत होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं तर साखर तीनशेच्या वर. मधुमेह लक्षात आला तो या वाटेने. आम्ही दोघी बहिणी रोज फोनवर बोलतो, वरणाला फोडणी कसली दिली इथपर्यंत. दीड वर्षात तिने मला हे सांगितलं नाही आणि मी तिला माझी कंबर सांगितली नाही.

बाकीची यादी वाचताना मात्र मला आमची माणसंच दिसायला लागली.

डोळ्यात बुरशी होऊन बुबुळ जायची वेळ येते असे रुग्ण वर्षाला दहा लाखांवर. आम्ही सांगलीकडचे जैन, बरेचसे शेतकरी. ऊस हे आमचं पीक. उसाच्या पानाची धार कशी असते ते तिकडच्या बायकांना सांगायला नको. माझ्या लहानपणी एका नात्यातल्या काकांच्या डोळ्याला पातं लागलं होतं. कोणीतरी घरातले थेंब टाकले, मग जवळच्या गावात दाखवलं, तोवर बुबुळावर पांढरं टिक्क आलं होतं. आम्ही पोरं त्यांना डोळ्यावरून चिडवायचो, देव क्षमा करो. झाडपाल्याने झालेल्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि तिथेही स्टिरॉइडचे थेंब टाकले तर डोळा झपाट्याने जातो, हे मी साठी ओलांडल्यावर वाचलं. त्या थेंबांत काय होतं देव जाणे.

क्षय होऊन बरा झालेल्यांच्या फुफ्फुसात जी पोकळी राहते तिच्यात बुरशी घर करते. खोकला, थुंकीतून रक्त. सगळ्यांना वाटतं क्षय उलटला, पुन्हा तीच औषधं सुरू होतात. अशा फुफ्फुसाच्या जुनाट बुरशीचे देशात १७ लाखांहून जास्त लोक असावेत असा तोच अंदाज सांगतो.

आणि काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. २०२१ चा मे महिना कोणी विसरलेलं नसेल. कोविडच्या लाटेत काही महिन्यांत देशभर चाळीस हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आपल्या महाराष्ट्रात खूपच. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांना सांगितलं, की हा आजार साथरोग कायद्याखाली घेऊन प्रत्येक रुग्णाची नोंद करा. म्हणजे मोजायचं ठरवलं तर मोजता येतं. माझे चुलत दीर त्यात होते. मधुमेह आधीपासून, कोविडसाठी स्टिरॉइड दिलेलं, ते काही वेळा द्यावंच लागत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. दहा दिवसांनी गाल बधिर झाला, नाकातून काळं आलं. अँफोटेरिसिनची इंजेक्शनं मिळत नव्हती. पुतणे मोटारसायकलवर तीन जिल्हे फिरले. जीव वाचला, उजवा डोळा काढावा लागला. आजही ते मंदिरात दर्शनाला येतात तेव्हा खांबाच्या डाव्या बाजूला उभे राहतात, म्हणजे मूर्ती नीट दिसते.

कुठे नाडीखालचं गजकर्ण आणि कुठे काढलेला डोळा, तुम्ही म्हणाल. जंतू वेगळे आहेत, मान्य. पण उशीर सारखाच आहे, आणि स्टिरॉइड जिथे नको तिथे नेणारा हातही बराचसा सारखा.

आता आपल्या घराकडे येते.

बुरशी आपल्याला कोणी शिकवायला नको. पिठाची मर्यादा आपल्याला पाठ आहे, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. लोणच्यावर पांढरा पापुद्रा दिसला की आख्खी बरणी गेली. एका सुईच्या अग्रावर मावेल एवढ्या बुरशीत अनंत जीव असतात हे आपण पाठशाळेत ऐकलं आहे. स्वयंपाकघरात ओल येऊ नये म्हणून जीव टाकणाऱ्या आपण, अंगाला ओल लावून हिंडतो.

माझंच सांगते. सोवळ्याची सुती साडी मी रोज धुते आणि कोणाचा हात लागू नये म्हणून आतल्या खोलीत उंच दांडीवर वाळत घालते. पावसाळ्यात ती कधीच पूर्ण वाळत नाही. पहाटे ती दमटच नेसायची, अभिषेकाला जायचं, चातुर्मासात महाराजांच्या आहाराचा चौका असला की त्याच साडीत चुलीपुढे दहा वाजेपर्यंत. वर परकराची नाडी घट्ट. घाम, ओल, ऊब. बुरशीला दुसरं काय लागतं? डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "साडी सोवळ्यातच इस्त्री करून नेसली तर चालेल ना?" चालतं. आता मी पहाटे अंघोळ झाल्यावर स्वतःच्या हाताने इस्त्री फिरवते. इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

औषधाची गोष्ट इतकी सोपी नव्हती.

पूर्वी या आजारावर टर्बिनाफिनची गोळी हमखास लागू पडायची. आता आपल्या देशात पसरलेली जी जात आहे तिच्यावर ती बऱ्याचदा चालत नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी या बुरशीला वेगळी जात म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे, अभिमान वाटावा असं काही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांना ती झाल्याची नोंद तिकडे झाली, त्यातली एक तर देशाबाहेर गेलेलीही नव्हती. अर्धवट औषधं आणि मिश्र मलमं यांनी ही बुरशी इथे माजली असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. माझ्या तेवीस ट्यूबांचाही त्यात वाटा असणार.

आम्हा मोठ्यांना डॉक्टरांनी इट्राकोनाझोल दिलं. ते येतं कॅप्सूलमध्ये. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं. मी आयुष्यात कॅप्सूल घेतलेली नाही. बाळंतपणात, टायफॉइडमध्येसुद्धा गोळी मागून घेतली होती. दुकानात विचारलं, शाकाहारी कवचाचं आहे का. त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हतं. घरी येऊन दोन दिवस ती पट्टी देव्हाऱ्यापासून लांब, फ्रीजवर ठेवून दिली. बुरशी मारणं ही हिंसा आहे का, हा प्रश्न मला फारसा पडला नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची असते, घर चालवताना आणि जीव वाचवताना होणारी पूर्ण टाळता येत नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. मला छळत होतं ते कवच.

गावात माताजींचा चातुर्मास होता. जाऊन विचारता आलं असतं. विचारलं नाही. उत्तर "नको" असं आलं असतं तर मी काय केलं असतं, याची मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी नात माझ्या कुशीत झोपायला आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "आजी, तुझं जाईपर्यंत मी आईजवळ झोपू?" डॉक्टरांनीच तिला तसं सांगितलं होतं. मी त्या संध्याकाळी कॅप्सूल घेतली. जेवढे दिवस घेतली तेवढे दिवस तूप आणि गोड सोडलं. हे प्रायश्चित्त मी माझं मीच ठरवलं, शास्त्रात बसतं की नाही माहीत नाही. तुमच्यातल्या काहींना हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटलेलं आहे असं नाही.

हे औषध देण्याआधी डॉक्टरांनी हृदयाचं विचारलं, यकृताची तपासणी करायला लावली, आणि ह्यांची कोलेस्टेरॉलची गोळी तेवढ्यापुरती बदलली, कारण दोन्ही एकत्र चालत नाहीत. म्हणजे शेजारणीला "माझ्याकडच्या दोन घे" म्हणून द्यायचं हे औषध नाही. जेवणानंतर लगेच घ्यायचं. आपलं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, तेव्हा घड्याळ लावून सहाला जेवण आणि वर औषध, ते जमलं. पण डॉक्टर म्हणाल्या, उपवासाच्या दिवशी चुकवायचं नाही, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. आषाढात सुरू केलेलं औषध भाद्रपदापर्यंत चाललं. मधे दशलक्षण आलं.

दशलक्षणात मी दहाही दिवस एकाशन करते. सासूबाई गेल्या त्या वर्षीही केलं होतं. या वर्षी केलं नाही. दोन वेळा जेवले, दोन वेळा औषध घेतलं. मंदिरात तिसऱ्या दिवशी एकीने विचारलंच, "का हो, या वर्षी नाही?" तब्येत बरी नाही म्हणून सुटका झाली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. त्या दिवशी प्रवचन उत्तम आर्जवावर होतं, सरळपणावर. पायरीवर बसून मी म्हटलं, "मला कमरेला गजकर्ण आहे. औषध चालू आहे, ते जेवणाबरोबर घ्यावं लागतं."

क्षणभर सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, आमच्या ह्यांना आहे. दुसरी म्हणाली, मला मांडीवर आहे, दिवाळीपासून. तिसरी काही बोलली नाही, पण निघताना माझ्या रिक्षापर्यंत चालत आली आणि पर्समधून ट्यूब काढली. कंपनी वेगळी होती. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. क्लोबेटासोल.

त्या पाच-सहाजणींपैकी चौघी आतापर्यंत डॉक्टरांकडे जाऊन आल्या आहेत. एकीचं बुरशीचं नव्हतंच, सोरायसिस निघालं. गोल दिसतं ते सगळं गजकर्ण नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

आता मावशींचं लिहिते. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे.

घरात पाचजणांना आहे हे कळलं, त्याच रात्री मी सुनेला म्हटलं होतं, "हे मावशींनीच आणलं असणार. त्यांच्या वस्तीत काय स्वच्छता!" दुसऱ्या दिवसापासून माझे कपडे मी त्यांना धुवायला दिले नाहीत. त्यांच्या चहाचा कप मी बाजूला ठेवायला लागले. त्यांना ते दिसलं, त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही त्यांना आमच्याबरोबरच डॉक्टरांकडे नेलं, औषधाचे पैसे आम्हीच दिले, आणि मला वाटत होतं मी फार मोठं केलं. तिथे डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारलं, कधीपासून. मी म्हटलं दोन वर्षं. हे म्हणाले एक वर्ष. सून आठ महिने. मावशी म्हणाल्या, "होळीच्या आसपास चालू झालं बाई, तवर आंगाला काय नव्हतं."

तारखा एकाखाली एक मांडल्या की खातं आपोआप बोलतं. माझे परकर, माझे पंचे, दोन वर्षं त्यांनी हाताने घासून धुतले, पोटाशी धरून पिळले. कुठून कुठे गेलं हे शपथेवर कोणी सांगू शकत नाही. पण शंभरातले नव्वद कुठे मांडायचे ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. घरी आल्यावर कप परत जागेवर ठेवला. बोलले मात्र नाही.

अनंत चतुर्दशी झाली. क्षमावाणीला आपण सगळ्यांच्या पाया पडतो, फोन करतो, मेसेज पाठवतो, ज्यांच्याशी वर्षभर भांडण सोडा, बोलणंही झालेलं नसतं त्यांनासुद्धा. मावशी सकाळी भांड्यांना आल्या. मी स्वयंपाकघरात गेले, हात जोडले आणि म्हटलं, "मावशी, ते आमच्याकडून तुम्हाला आलं होतं. मी तुमच्यावर घेतलं. मला माफ करा."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं, मग साडीला हात पुसले.

"ते ऱ्हाऊ द्या वैनी," त्या म्हणाल्या. "माझी औषधाची पट्टी परवाच सपली. बाईंनी आणि पंधरा दिवस सांगितल्यात न्हवं? आज आणाल का?"

दहा वाजता दुकान उघडतं. मी चिठ्ठी घेऊन गेले.